खो मिळेपर्यंत

अंबडच्या मैदानावर झाला तो आवाज
मी एकटीनेच ऐकला.
ओलं सुती कापड टरकावं तसा, आतून.
वृषाली गावितला खांबावरचं वळण दाखवत होते मी.
बत्तिशीच्या गुडघ्याने
पंधराव्या वर्षाची वळणं दाखवू नयेत,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

गंगापूर रोडला, तिसऱ्या मजल्यावर,
डॉक्टर कोठावदे प्लास्टिकचा गुडघा उघडतात.
हा पुढचा लिगामेंट. पूर्ण तुटलेला नाही,
अर्धा धरून आहे.
(आत्या स्वतःच्या संसाराबद्दल अगदी असंच सांगायची.)
नवा बसवता येईल. नाहीतर
कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढू,
तिच्यातल्या मूळ पेशी सुईने गुडघ्यात सोडू.
मूळ पेशी म्हणजे?
म्हणजे, आपण काय व्हायचं हे जिने अजून ठरवलेलं नाही, ती.

आणि भरून येईल?
ते खिडकीबाहेर बघतात.
काहींचं येतं. काहींचं दुखणं तेवढं कमी होतं.
पुरावा अजून कच्चा आहे, खोटं नाही सांगणार.
त्या ‘कच्चा’ शब्दावर विसंबून मी हो म्हटलं.

दादांनी छत्तीस वर्षं
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा मोजल्या, दुसऱ्यांच्या.
माझे पैसे त्यांनी दोनदा मोजले,
तिसऱ्यांदा मोजता मोजता थांबले:
तुझंच काढणार, तुलाच देणार,
मग हे कशाचे?

पालथी झोपले होते. बधिर जागेवर
कुणी विहीर खणावी तसा दाब.
मी त्या पेशीचा विचार करत होते.
बसली असेल ती आत, चवड्यांवर,
हात जमिनीला, नजर समोर, पाठ उघडी.
माझी दहावी, राज्याचं पदक,
तीन गुणांनी हुकलेली पोलीस भरती,
सगळं तिच्या बाजूने धावत गेलं
आणि कुणीच तिला खो दिला नाही.
खो मिळण्याआधी उठलं तर फाऊल,
मीच शिकवते पोरींना.
तिला खो कोण देतं, विचारलं डॉक्टरांना.
सुई पुसत म्हणाले, जखम देत असावी.

मग कुबड्या. मग अल्फिया,
सकाळी सातला, चहा न घेता:
टाच दाब, मांडी आवळ, दहा मोज.
निफाडला पारा उतरला की
पेपराआधी माझ्या गुडघ्याला कळायचं.
वृषालीचा फोन, मॅडम, संघात निवड झाली.
मी म्हटलं, वळताना खांब सोडू नकोस.
एवढंच सुचलं.

सातव्या महिन्यात पुन्हा एमआरआय.
‘काही धागे सलग दिसतात.’
नवे, की जुनेच, सूज ओसरल्यावर दिसू लागलेले?
कोठावद्यांनी फोटो उजेडाला धरला,
बराच वेळ धरला,
आणि चष्मा काढून ठेवला.

रविवारी पांडवलेणी.
चढताना काहीच नाही, खरं माप उतरताना.
दादा दोन पायऱ्या पुढे, मोजत,
सवयीने, अंगठा बोटावर घासत.
एकशे सत्तावीसला आत काहीतरी हललं.
सरकलं नाही, हललं.
मी थांबले.
त्यांनी वळून पाहिलं नाही,
फक्त आकडा पुढे गेला नाही.
खाली हायवेवर ट्रकांची रांग, कांद्याचा वास,
आणि माझ्यासमोर सत्तरीतली एक पाठ,
घामाने सदरा चिकटलेली, उभी, माझ्याकडे न बघता.

मी हात पुढे केला. तळवा पाठीला टेकवला.
खो म्हणाले नाही.

एकशे अठ्ठावीस, म्हणाले ते.